गर्दी कापू नका : जीजी ॲलिनवरचा माहितीपट दाखवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
फिल्म सोसायट्या आणि कॉलेजांतल्या फिल्म क्लबांचे निवडकर्ते, रात्रीचे ‘खास’ खेळ लावणारे आयोजक, आणि चित्रपटांचे तुकडे कापून ऑनलाइन टाकणारी मंडळी,

स. न. वि. वि.

२०१९ साली ‘जोकर’ने व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. त्यानंतर त्याचा दिग्दर्शक टॉड फिलिप्स याने आधी काय काय केलंय, हे उकरून काढण्याची हौस बऱ्याच जणांना आली. त्या उकरण्यात ‘हेटेड : जीजी ॲलिन अँड द मर्डर जंकीज’ वर आला. फिलिप्स न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकत असताना त्याने केलेला हा जेमतेम तासाभराचा माहितीपट, जीजी ॲलिन या अमेरिकन पंक रॉक गायकावर आणि त्याच्या मर्डर जंकीज या बँडवर. १९९३चा. पडद्यावर मल-मूत्र, रक्त, नागडा गायक आणि पळणारे प्रेक्षक. तुमच्यापैकी काहींनी तो ‘जगातला सर्वांत घाणेरडा रॉकस्टार, हसून हसून लोळाल’ अशा जाहिरातीखाली दाखवला, आणि काहींनी त्यातले चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे काढून वर हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजी चिकटवल्या.

आम्ही प्रोजेक्टर चालवणारे, प्रती स्वच्छ करणारे आणि सबटायटल लिहिणारे लोक आहोत. हा चित्रपट दाखवू नका, असं आमचं म्हणणं नाही. उलट तो दाखवावाच, आणि पूर्ण दाखवावा. तक्रार आहे ती तुम्ही तो कसा दाखवता याबद्दल. तुमच्या प्रत्येक शॉर्टकटमध्ये एकच गोष्ट कापली जाते. ती म्हणजे गायकासमोरची गर्दी आणि गायकामागची माणसं. ती काढली की खाली उरते नुसती घाण, आणि घाण बघायला कोणी फिल्म क्लबची वर्गणी भरत नाही.

आधी माणूस कोण होता ते बघा, कारण तुमच्या माहितीपत्रकांत त्याबद्दल दोनच ओळी असतात आणि त्यातली एक चुकीची असते. जन्म २९ ऑगस्ट १९५६, लँकेस्टर, न्यू हॅम्पशायर. बापाने नाव ठेवलं जीझस ख्राइस्ट ॲलिन. हे टोपणनाव नव्हे, रंगमंचासाठी घेतलेलं सोंगही नव्हे. ते कागदोपत्री नाव होतं. थोरल्या भावाला, मर्लला, ‘जीझस’ म्हणता यायचं नाही, तो ‘जीजी’ म्हणायचा. घर म्हणजे जंगलातली लाकडी खोली, नळ नाही, वीज नाही. बापापासून वेगळं होऊन आईने, आर्लीटाने, मुलगा शाळेत जायच्या सुमारास त्याचं नाव बदलून केव्हिन मायकल केलं. शाळेत त्या नावाने पोराचं काय होईल, हे तिला कळत होतं. सुरुवातीला तो ड्रमर होता, आणि जॅबर्स या बँडबरोबरची पहिली गाणी चक्क गुणगुणता येतील अशी आहेत. ही एवढी माहिती खेळाआधी पाच मिनिटांत सांगून होते. ती न सांगता एकदम तुकडा लावला की प्रेक्षकासमोर येतो तो एक प्राणी, आणि प्रेक्षक प्राणिसंग्रहालयात वागतो तसा वागतो.

आता प्रतीबद्दल. इथे जरा थांबून सांगावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

या चित्रपटाची चौकट ४:३ आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आजचे पडदे आणि फोन १६:९. रिकाम्या काळ्या पट्ट्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून तुम्ही दोनांपैकी एक उपाय करता. एक तर चित्र आडवं ताणता. मग सगळे तेहतीस टक्क्यांनी रुंद होतात आणि आधीच जाडजूड ॲलिन पिंपासारखा दिसतो. किंवा चित्र मोठं करून वरचा-खालचा भाग छाटता. ६४० बाय ४८०ची चौकट छाटून ६४० बाय ३६० केली की १२० ओळी गेल्या, म्हणजे उंचीचा पाव हिस्सा. क्लबमधल्या चित्रणात कॅमेरा गर्दीत, डोक्यांच्या उंचीवर असतो. त्यामुळे चौकटीच्या खालच्या पट्टीत असतात समोरच्या लोकांची डोकी, वर केलेले हात, मागे सरकणारे खांदे. छाटणीत पहिला बळी त्यांचाच जातो. मग उरतो एकटा नागडा माणूस, जणू रिकाम्या खोलीत तमाशा करतोय. मुलाखतीत तळाशी नावाची पट्टी असली तर तीही जाते आणि बोलणारा निनावी होतो.

चौकट बरोबर आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. ड्रमकडे बघा. ड्रमचं तोंड गोल असतं. कॅमेरा समोरून असताना ते अंड्यासारखं आडवं दिसलं तर चित्र ताणलेलं आहे. मर्डर जंकीजचा ड्रमर डिनो वाजवायला कपडे काढून बसतो, त्यामुळे प्रेक्षकाची नजर ड्रमवर जात नाही, हे कबूल. प्रोजेक्शनिस्टची जायला हवी.

दुसरी गोष्ट फ्रेमची. हा चित्रपट एकजिनसी नाही. त्यात १६ मिमी फिल्म आहे, हाताने धरलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं चित्रण आहे, आणि टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे तुकडे आहेत. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. अमेरिकन व्हिडिओ २९.९७ फ्रेमचा, आणि त्यातली प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डांची. फिल्मच्या चार फ्रेम व्हिडिओच्या पाच फ्रेमांवर पसरून बसवतात. त्या पाचांपैकी दोन फ्रेमांत वेगवेगळ्या क्षणांची अर्धी चित्रं एकमेकांत गुंतलेली असतात. थांबवून पाहिलंत तर हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते याचेच. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भागात मात्र प्रत्येक फील्ड हा स्वतंत्र क्षण असतो. सेकंदाला जवळजवळ साठ.

चूक होते ती अशी : कोणीतरी संपूर्ण फाइल एकाच खटक्यात २४ वर आणतो. मुलाखती छान होतात आणि कार्यक्रमांचं चित्रण धक्के खाऊ लागतं, कारण साठांतले छत्तीस क्षण फेकून दिलेले असतात. ॲलिन मायक्रोफोन कपाळावर आपटतो ती हालचाल अर्ध्या सेकंदाची. तिच्यातले क्षण गाळले की ती मार लागल्यासारखी दिसत नाही, कार्टूनसारखी दिसते. मग सभागृहात हशा पिकतो आणि तुम्हाला वाटतं चित्रपट विनोदी आहे. वेगवेगळे भाग वेगवेगळे हाताळायला वेळ नसेल तर सरसकट प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून ५९.९४ वर ठेवा. फिल्मच्या भागात काही फ्रेम तीनदा आणि काही दोनदा दिसतील, त्याने काही बिघडत नाही. फाइल मोठी होते, एवढाच तोटा.

आपल्याकडे फिरणाऱ्या काही प्रती अमेरिकन टेपवरून आपल्या २५ फ्रेमच्या पद्धतीत फिरवलेल्या असतात, आणि त्यांत शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या असतात. थांबवून बघा : एका हाताला दोन सावल्या दिसतील. हे कितीही फिल्टर लावले तरी सुटत नाही. अशी प्रत टाकून द्या आणि २९.९७ची शोधा. व्हीसीडीवरून घेतलेली असेल तर विषयच संपला. त्यात चित्र जास्तीत जास्त ३५२ बाय २८८ असतं, आणि अंधाऱ्या क्लबातली गर्दी त्यात चौकोनी ठोकळ्यांची भिंत होऊन बसते. कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘फोर के’ केलेली प्रत तर त्याहून वाईट. ते सॉफ्टवेअर अंधारातल्या चेहऱ्यांना मनाने नाक-डोळे काढून देतं. माहितीपटात न घडलेले चेहरे घालायचा अधिकार कोणी दिला?

आवाजाबद्दल थोडक्यात. हाताच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात आवाजाची पातळी यंत्र आपोआप ठरवतं. बँड सुरू झाला की ते सगळं दाबतं, बँड थांबला की पातळी हळूहळू वर चढते आणि सूंऽऽ असा आवाज मोठा होतो. त्या ‘सूं’मध्येच समोरच्या लोकांचं बोलणं ऐकू येतं. कोणी ओरडतं, कोणी शिवी देतं, कोणी दार उघडा म्हणतं. आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या फिल्टरने पहिलं जातं ते हे. फिल्टर लावू नका. पातळी मुलाखतीवर लावा, साध्या बोलण्याएवढी, आणि मग हात लावू नका. आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर तो चॅनेल दोन्हीकडे द्या. नकली स्टिरिओ करू नका.

सबटायटलचं दुखणं वेगळंच आहे. मराठी सबटायटल करणारे दोन टोकांना जातात. एकतर प्रत्येक शिवीच्या जागी फुल्या, नाहीतर प्रत्येक शिवीला आपल्याकडची आईवरची शिवी. इंग्रजीतली ती नेहमीची शिवी बहुतेक वेळा नुसता जोर द्यायला येते. तिथे ‘च्यायला’ चालतं. ‘च्यायला’तही आई आहेच, पण ती इतकी झिजली आहे की कोणाला ऐकू येत नाही. ‘साला’ चालतं, ‘भिकारडा’ चालतं, ‘हरामखोर’ चालतं. पण उघड आईवरून शिवी लिहिलीत की वाक्याचा रोख बदलतो, आणि या गोष्टीत आई नावाचं एक खरंखुरं माणूस आहे, जिने पोराचं नाव बदललं आणि पुढे त्याची कबर सांभाळली. मूळ वाक्यात ती नसताना सबटायटलमध्ये तिला ओढू नका. जिथे तो खरोखर आईबापाबद्दल बोलतो, तिथे ते ठळक कळायला हवं. आधीच्या पन्नास ओळींत आई खर्ची पडली असेल तर ते कळत नाही.

आणि एक क्षुल्लक वाटणारी बाब. नायकाच्या नावातच ‘ॲ’ आहे. हे एकच अक्षर आहे, पण बऱ्याच जुन्या फाइलींत ‘अ’वर चंद्र ठेवून ते टाइप केलेलं असतं, आणि काही प्लेअर तिथे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दाखवतात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर संपूर्ण चित्रपटभर अगम्य चिन्हं येतात. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवा, आणि खेळाआधी त्याच प्लेअरवर, त्याच पडद्यावर ‘ॲलिन’, ‘तऱ्हा’, ‘दृष्ट्या’ हे तीन शब्द उमटवून बघा. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. एका वेळी दोनच ओळी, आणि एक सेकंदापेक्षा कमी वेळ एकही ओळ नको.

शीर्षकाचं भाषांतर ‘तिरस्कृत’ असं पाहण्यात आलं. आम्हाला ‘नकोसा’ जास्त जवळचं वाटतं, पण त्यावर भांडणार नाही.

आता मूळ तक्रार. तुम्ही काय सांगत नाही, त्याची.

१९८९मध्ये ॲलिनला मिशिगनमधल्या प्रकरणात अटक झाली ती रंगमंचावरच्या चाळ्यांसाठी नव्हे. एका बाईला कापल्याच्या आणि भाजल्याच्या आरोपावरून झाली. त्याचं म्हणणं होतं की तिची संमती होती. शेवटी तडजोडीत कमी गंभीर हल्ल्याचा गुन्हा त्याने कबूल केला आणि डिसेंबर १९८९ ते मार्च १९९१ तुरुंगात काढले. बाहेर आल्यावर पॅरोल मोडून तो न्यूयॉर्कला आला, आणि चित्रपट तिथून सुरू होतो. त्या बाईचा आवाज चित्रपटात नाही. ही फिलिप्सची उणीव आहे, आम्ही ती झाकत नाही. पण तुमच्या जाहिरातीत हेच प्रकरण ‘बंडखोर गायकाची तुरुंगवारी’ होऊन येतं तेव्हा उणीव तुमची होते. त्याच्या कार्यक्रमांत मार खाणाऱ्यांत बायका होत्या, आणि ते सोंग नव्हतं.

पोस्टरचंही तसंच. ॲलिनचं जे चित्र तुम्ही टी-शर्टवर छापून दारात विकता, ते जॉन वेन गेसीने मृत्युदंडाची वाट बघत असताना तुरुंगात रंगवलं. गेसीवर तेहतीस मुलं आणि तरुणांच्या खुनांचे गुन्हे सिद्ध झाले होते, आणि १० मे १९९४ला त्याला देहदंड झाला. चित्र दाखवा, पण त्याखाली चित्रकाराचं नाव आणि हे दोन आकडे छापा. मग बघू किती टी-शर्ट खपतात.

आणि शेवट. रंगमंचावर आत्महत्या करीन, असं ॲलिन वर्षानुवर्षं जाहीर करत होता, आणि त्या आश्वासनावर तिकिटं खपत होती. २७ जून १९९३ला मॅनहॅटनमधल्या ‘गॅस स्टेशन’ या जागी कार्यक्रम होता. काही गाण्यांतच वीज तोडली गेली. रक्ताने आणि विष्ठेने माखलेला तो रस्त्यावर उतरला, मागे चाहत्यांची झुंड. तिथून एका ओळखीच्याच्या घरी. तिथे हेरॉइन. रात्रीत तो गेला, वय ३६. घरातल्या लोकांना वाटलं तो झिंगून पडलाय. त्याच्या शेजारी बसून त्यांनी फोटो काढून घेतले. तो मेलेला आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अंत्यविधीतही शव न धुता ठेवलं होतं, पेटी उघडी, आणि लोक तिच्याभोवती दारू पीत होते. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या लिटलटनच्या दफनभूमीत चाहते येऊन थडग्यावर लघवी करून जाऊ लागले, आदर म्हणून. शेवटी दगडच हलवावा लागला. दिग्दर्शक सामी सैफने २०१७मध्ये ‘द ॲलिन्स’ हा माहितीपट केला तो यानंतर उरलेल्या आईवर आणि भावावर. ‘हेटेड’च्या पाठोपाठ, दुसऱ्या दिवशी का होईना, तो दाखवावा असं आम्हाला फार वाटतं. पहिल्यात मुलगा बघायचा आणि दुसऱ्यात थडगं पुसणारी म्हातारी.

तुमचा चाळीस सेकंदांचा तुकडा बाटली फुटते तिथे संपतो. चित्रपट तिथे थांबत नाही. कॅमेरा वळतो आणि बघणाऱ्यांकडे बघतो. काही घाबरलेले, काही हसणारे, काही मुद्दाम पुढे सरकणारे. जेराल्डो आणि स्प्रिंगर या अमेरिकन टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमवाल्यांच्या स्टुडिओतले प्रेक्षकही त्याच माळेतले. नुसता तुकडा बघणारा माणूस त्या फोटो काढणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो, आणि त्याला ते कळतही नाही.

तर आमच्या मागण्या. पहिली, प्रत : ४:३, न छाटलेली, न ताणलेली, न ‘सुधारलेली’, आणि हक्कधारकाची परवानगी घेतलेली. दुसरी, काटछाट. कायद्याने काही काढावंच लागलं तर धूसर करू नका. धूसर केलेली विष्ठा जास्त हास्यास्पद दिसते. तिथे पडदा काळा ठेवा आणि ‘इथून अमुक सेकंद वगळले आहेत’ असं लिहा. प्रमाणपत्राची किंवा महोत्सवासाठी मिळणाऱ्या सवलतीची कागदपत्रं वेळेत करा. ‘खासगी खेळ आहे’ म्हणून पळवाट काढू नका. २००४मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभारून उघड भांडण केलं होतं. त्यांनी चोरून दाखवलं नव्हतं.

तिसरी, इशारा. नुसतं ‘फक्त प्रौढांसाठी’ पुरत नाही. तिकिटावरच लिहा : खरीखुरी स्वतःला केलेली इजा, प्रेक्षकांवर शारीरिक हल्ले, विष्ठा, नग्नता, अमली पदार्थ, आत्महत्येची भाषा, मृत्यू. पैसे भरल्यानंतर पडद्यावर दाखवलेल्या इशाऱ्याला अर्थ नसतो. मार्गिकेतले दिवे चालू ठेवा, दार आतून उघडणारं असू द्या, उठून जाणाऱ्याची टिंगल होणार नाही हे आधी सांगा. खेळाआधी जेवण ठेवू नका, आणि हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. बाहेर पडताना दिसेल असा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा.

चौथी, तुकडे टाकणाऱ्या मंडळींना. आधीच टाकलेले काढा, किंवा निदान त्याखाली तारीख, जागा आणि पुढे काय झालं ते लिहा. विनोदी संगीत ताबडतोब काढा.

सबटायटलची दुरुस्त केलेली यूटीएफ-८ फाइल आम्ही कोणालाही फुकट देऊ, वेळेच्या खुणांसकट. मात्र ती २९.९७च्या प्रतीवर बसवलेली आहे. तुमची २५ची असेल आणि ओळी मागे-पुढे व्हायला लागल्या, तर कृपया आम्हाला फोन करू नका, प्रत बदला.

आपले,
काही प्रोजेक्शनिस्ट, प्रती दुरुस्त करणारे आणि सबटायटलवाले